सीझनच्या आधीच आलेला बर्फ: न्यू जर्सी आणि आसपासच्या किनारपट्टीवर काय काय करून ठेवायचं, पायरी पायरीने

जानेवारीतला बर्फ आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला बर्फ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी डोक्यात बसवा, मग पुढचं सगळं सोपं जातं. जानेवारीत थंडी कडक असते, बर्फ कोरडा असतो, झाडं बोडकी असतात, मीठवाले ट्रक तयार असतात, लोकांनी टायर बदललेले असतात. सीझनच्या आधी यातलं काहीच नसतं. तापमान शून्याच्या आसपासच घुटमळत असतं, त्यामुळे बर्फ गिच्च ओला आणि वजनदार पडतो, झाडांवर पानं अजून लटकलेली असतात, आणि आपलं फावडं गॅरेजमध्ये लॉनमोअरच्या मागे कुठेतरी असतं. म्हणून अशा वादळात "किती इंच पडणार" हा प्रश्न जवळपास बिनकामाचा आहे, "किती वजनाचा पडणार आणि कशावर पडणार" हे विचारायचं. खालची सगळी तयारी त्या एका गोष्टीभोवती आहे. एडिसन, आयसेलिन, जर्सी सिटी, प्लेन्सबोरो, पार्सिपनी इथे राहणारे आपले लोक डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, पण कनेक्टिकट किंवा बॉस्टनच्या बाजूलाही बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

आधी तीन जुनी वादळं, कारण बाकी सगळं त्यातूनच आलंय

२९-३० ऑक्टोबर २०११. दिवाळी नुकतीच झाली होती, भाऊबीज आदल्या दिवशीची, आणि हॅलोविन दोन दिवसांवर. मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरातल्या पेरू नावाच्या गावात ३२ इंच बर्फ पडला, न्यू जर्सीत वेस्ट मिलफर्डला १९ इंच, आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये फक्त २.९ इंच. आता गंमत बघा, २.९ इंच म्हणजे जानेवारीत कोणी शाळासुद्धा धड बंद करणार नाही, पण तेवढ्यानेही पार्कातली पानांनी भरलेली झाडं मोडून पडली. सगळ्या ईशान्य भागात मिळून ३० लाखांहून जास्त वीजग्राहक अंधारात गेले, कनेक्टिकटमध्ये काही ठिकाणी आठवड्याहून जास्त लाईट नव्हती आणि कित्येक गावांनी हॅलोविनच पुढे ढकललं.

दुसरं नोव्हेंबर २०१२ चं. २९ ऑक्टोबरला सँडी हे चक्रीवादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर धडकलं, लोकांची लाईट कशीबशी परत येत होती, तेवढ्यात ७ नोव्हेंबरला नॉरईस्टर (किनाऱ्यालगत वर सरकणारं वादळ, पायरी १ मध्ये सांगतो) आलं आणि फ्रीहोल्डला १३ इंच. ज्यांची लाईट आली होती त्यांच्यातल्या अनेकांची परत गेली.

तिसरं १५ नोव्हेंबर २०१८, गुरुवार. थोडा बर्फ पडेल आणि लगेच पाऊस होईल असा अंदाज होता, प्रत्यक्षात सेंट्रल पार्कला ६.४ इंच पडला आणि तोही नेमका दुपार-संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये. जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजवर गाड्या एकमेकांवर आदळल्या, पोर्ट अथॉरिटीच्या बस टर्मिनलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, मीठ टाकणारे ट्रक स्वतःच ट्रॅफिकमध्ये अडकलेले, आणि वेस्ट ऑरेंजमध्ये स्कूल बस घरी पोचू शकल्या नाहीत म्हणून काही मुलांनी रात्र शाळेतच काढली.

म्हणजे धोके तीन. झाड आणि लाईट, एकामागून एक येणारी वादळं, आणि रस्त्यावर अडकणं. कडाक्याची थंडी ह्या यादीत नाही, ती नंतर येते, लाईट गेल्यावर.

पायरी १: हे होतं कसं ते समजून घ्या, म्हणजे फोरकास्ट वाचता येईल

नॉरईस्टर म्हणजे किनाऱ्याला समांतर वर सरकणारं कमी दाबाचं क्षेत्र, आणि किनाऱ्यावर वारा ईशान्येकडून येतो म्हणून ते नाव. कॅनडाकडून थंड हवा खाली येते, अटलांटिककडून ओलावा येतो, दोघांची गाठ पडते. अडचण अशी की ऑक्टोबरच्या शेवटी इथला समुद्र १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, उन्हाळ्याची ऊब त्याने सोडलेली नसते. त्यामुळे समुद्रावरून वारा आला की किनाऱ्यावर पाऊस, आणि थोडं आत, थोडं उंचावर गेलं की बर्फ. ही पाऊस-बर्फाची रेषा बऱ्याचदा आय-९५ हायवेच्या आसपास नाचत असते, म्हणून किनाऱ्यावरच्या लाँग ब्रँचला नुसता पाऊस, एडिसनला गारगोट्यांसारखं स्लीट, म्हणजे गोठलेल्या पावसाचे कण, आणि आतल्या मॉरिस काउंटीत आठ इंच, असं एकाच वेळी होऊ शकतं. वादळ ३०-४० मैल इकडे-तिकडे सरकलं की तुमच्या गावाचं चित्रच बदलतं.

अजून एक गोष्ट जी ॲपमध्ये दिसत नाही. पाऊस जोरात पडायला लागला की वरचा बर्फ खाली येताना वितळतो आणि वितळताना हवेतली उष्णता खेचून घेतो, त्यामुळे हवा आणखी थंड होते आणि बघता बघता पावसाचा बर्फ होतो. म्हणजे रिमझिम असेल तर पाऊसच राहील पण मुसळधार झाला तर बर्फ, असं उलटंच वाटणारं प्रकरण. म्हणून "आमच्याकडे ३८ फॅरनहाइट दाखवतंय, बर्फ कसला पडतोय" असं म्हणून निवांत बसू नका. तापमानासोबत ड्यू पॉइंट बघा, म्हणजे हवेत किती ओलावा आहे ते सांगणारा आकडा. तापमान ३८ आणि ड्यू पॉइंट २५ असेल तर हवा कोरडी आहे, पाऊस सुरू झाला की बाष्पीभवनाने ती गोठणबिंदूजवळ, म्हणजे ३२ फॅरनहाइटजवळ येते. दोन्ही आकडे ३७-३८ असतील तर मात्र बहुधा पाऊसच.

पायरी २: फोरकास्ट कुठला बघायचा

व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ दिवस आधी जो जांभळा-गुलाबी नकाशा फिरतो, "१८ इंच!!!" लिहिलेला, तो कृपया पुढे पाठवू नका. तो एका मॉडेलचा एका वेळचा नकाशा असतो, सहा तासांनी बदलतो. शिवाय त्यातले बरेचसे नकाशे १ इंच पाण्याचा १० इंच बर्फ असं सरळ धरून चालतात आणि कधी कधी स्लीटलाही बर्फच मोजतात. ओल्या बर्फात ते प्रमाण १ ला ५-७ एवढंच असू शकतं. म्हणजे इंच कमी, वजन तेच.

नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर, वेदर डॉट गव्हवर, झिप कोड टाका. न्यू जर्सीचा बराचसा भाग माउंट हॉलीचं ऑफिस बघतं, न्यूयॉर्कला लागून असलेला ईशान्येकडचा भाग अप्टनचं ऑफिस. तिथे विंटरचं वेगळं पान असतं ज्यात अपेक्षित बर्फ, कमीत कमी काय होऊ शकतं आणि जास्तीत जास्त काय, असे तीन आकडे देतात. मी नेहमी तिसरा आकडा बघून तयारी करतो आणि पहिला बघून ऑफिसचं ठरवतो. त्या तिन्हींमध्ये फरक खूप असेल, समजा कमीत कमी १, अपेक्षित ४ आणि जास्तीत जास्त ९, तर समजायचं की रेषा तुमच्या डोक्यावर आहे आणि कोणालाच खात्री नाही. फोरकास्ट डिस्कशन नावाचा मजकूरही असतो, भाषा जरा तांत्रिक, पण अंदाज लिहिणाऱ्याच्या मनात किती शंका आहे ते त्यात कळतं.

वॉच, वॉर्निंग आणि ॲडव्हायझरी हे त्यांचे तीन इशारे. वॉच म्हणजे शक्यता आहे, साधारण एक-दोन दिवस आधी येतो, तेव्हा दुकानात जा. वॉर्निंग म्हणजे येतंय, तेव्हा घरी या. ॲडव्हायझरी म्हणजे त्रास होईल पण निभावेल, असं म्हणतात, पण सीझनच्या आधी ॲडव्हायझरीलाही वॉर्निंगइतकंच मनावर घ्या कारण हे निकष बहुतेक इंचांवर ठरतात, आणि झाडाची पानं त्यात कोणी मोजत नाही.

पायरी ३: ऑक्टोबरच्या मध्यातच करून ठेवायची कामं

झाडं. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. अंगणात बाहेर उभं राहून वर बघा: घरावर, गाडीच्या जागेवर, आणि घराला येणाऱ्या वायरीवर कुठल्या फांद्या आल्यात. ओक आपली पानं उशिरापर्यंत धरून ठेवतो. आणि नव्या सबडिव्हिजनमध्ये बिल्डरने हौसेने लावलेला तो ब्रॅडफर्ड पेअर, वसंतात पांढऱ्या फुलांनी सुंदर दिसणारा, तो बर्फात हमखास मधोमध फाटतो कारण त्याच्या सगळ्या फांद्या एकाच जागेतून अरुंद कोनात निघतात आणि पानंही उशिरा गळतात. असलं झाड ड्राइव्हवेजवळ असेल तर आर्बोरिस्टला, म्हणजे झाडं छाटणाऱ्या तज्ज्ञाला, बोलवून छाटून घ्या, खर्च होतो, पण गाडीच्या टपापेक्षा कमी. वायरीला टेकलेल्या फांदीला स्वतः हात लावू नका, वीज कंपनीला फोन करा.

पालापाचोळा. गटर्स आणि रस्त्यावरची ड्रेनची जाळी साफ ठेवा. ओला बर्फ दुसऱ्या दिवशी वितळतो, बऱ्याचदा वर पाऊस पडतो, आणि जाळीवर पानांचा थर असेल तर सगळं पाणी बेसमेंटच्या दिशेने. किनाऱ्याजवळ, किंवा होबोकनसारख्या सखल भागात, भरतीच्या वेळी समुद्राचं पाणीही रस्त्यावर येतं, तिथे गाडी आदल्या दिवशीच उंचावर नेऊन लावा.

बागेचा पाइप नळाला जोडलेला असेल तर काढा, आतून त्या नळाचा व्हॉल्व्ह बंद करा, स्प्रिंकलर असेल तर त्याचं पाणी काढून घ्या. पहिल्या वादळात पाइप फुटतील एवढी थंडी सहसा नसते, पण लाईट गेली आणि मागून थंड हवा आली की फुटतात.

हीटिंग एकदा चालू करून बघा, पहिल्यांदा जळका वास येतो, ती धूळ असते, काही वेळात जातो, गेला नाही तर टेक्निशियनला बोलवा. धुराच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मच्या बॅटऱ्या बदला. आणि फावडं, मीठ, बर्फ झाडायचा ब्रश घराच्या आत किंवा पुढच्या दाराशी आणून ठेवा, मागच्या शेडमध्ये नाही, कारण शेडपर्यंत जायलाच फावडं लागतं.

गाडीचं: साध्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जातं, विंटर टायर घेणार असाल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच घ्या, वादळाची बातमी आली की दुकानात लाइन लागते. घेणार नसाल तर निदान क्वार्टरचं नाणं टायरच्या खाचेत डोकं खाली करून घाला, वॉशिंग्टनच्या डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसत असेल तर त्या टायरवर बर्फात जाऊ नका. हवा तपासा, तापमान १० फॅरनहाइट उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होते. आणि काचेवर मारायचं निळं पाणी उन्हाळ्याचं असेल तर ते संपवून उणे २० फॅरनहाइटवालं भरा, नाहीतर हायवेवर काचेवर मारलं की तिथेच गोठतं आणि समोरचं दिसेनासं होतं.

पायरी ४: वॉच आला, आता शेवटचे दोन दिवस

ब्रेड-दूध-अंड्यांसाठी सगळा गाव धावतो, तुम्ही जाऊ नका. आपल्या घरात डाळ-तांदूळ-पिठं एवढी असतात की पंधरा दिवस निघतील. प्रश्न शिजवायचा आहे. घरात इलेक्ट्रिक किंवा इंडक्शन शेगडी असेल तर लाईट गेली की स्वयंपाक बंद. गॅस असेल तर वरचे बर्नर बऱ्याच मॉडेलमध्ये काडी लावून पेटतात, पण काहींमध्ये सेफ्टी लॉक असतो, तेव्हा आधीच मॅन्युअल बघून ठेवा. ओव्हन बहुतेक नाहीच चालणार.

आणि इथे दिवाळीचा फायदा आहे हो. चिवडा, चकली, शेव, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, हे सगळं फ्रिजविना टिकतं, शिजवावं लागत नाही आणि पोटभर होतं, कुठल्याही इमर्जन्सी किटच्या बिस्किटांपेक्षा बरं. ओल्या नारळाच्या करंज्या मात्र आधी संपवा. दडपे पोहे, ताक, मेतकूट असेल तर आदल्या रात्रीचा भात, अशी यादी मनात करून ठेवा. प्यायचं पाणी माणशी रोज ४ लिटरच्या हिशेबाने तीन दिवसांचं. विहिरीवर पंप असलेलं घर असेल तर लाईट गेली की नळही बंद, मग टब भरून ठेवा.

फ्रीजर भरून ठेवा, जागा असेल तिथे पाण्याच्या बाटल्या गोठवा. दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण ४ तास थंड राहतो, भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४. औषधं, बाळाचं फॉर्म्युला, बाबांच्या बीपीच्या गोळ्या आधीच भरून आणा, इन्सुलिन असेल तर आइसपॅकची सोय. फोन, पॉवर बँक, लॅपटॉप चार्ज. इलेक्ट्रिक गाडी असेल तर ती पूर्ण चार्ज, पेट्रोलची असेल तर टाकी भरून. लाईट गेल्यावर पंपही चालत नाहीत, सँडीनंतर न्यू जर्सीत पेट्रोलसाठी सम-विषम नंबर प्लेटचा नियम लागला होता ते इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल.

गॅरेजचं दार हाताने कसं उघडायचं ते आत्ताच करून बघा, वरून लाल दोरी लोंबत असते. अंधारात, हातमोजे घालून, पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नाही.

आई-बाबा आले असतील तर त्यांच्यासाठी एक खोली ठरवा जी लहान आहे, दक्षिणेकडे खिडकी आहे, जिथे सगळ्यांनी गोधड्या घेऊन एकत्र झोपता येईल. ह्याच आठवड्यात परतीची फ्लाइट असेल तर एअरलाइनचा वेदर वेव्हर निघाला का बघा, निघाला की फुकटात तारीख बदलून मिळते, आणि वादळाच्या आदल्या दिवशी बदलणाऱ्याला सीट मिळते, वादळाच्या दिवशी बदलणाऱ्याला मिळायची शक्यता कमीच.

पायरी ५: वादळाच्या दिवशी ऑफिस आणि शाळा

२०१८ नंतर माझं मत पक्कं झालंय: दुपारी बर्फ सुरू होणार असेल तर घरूनच काम करा, आणि जावंच लागलं तर बर्फ सुरू व्हायच्या आधी निघा, सुरू झाल्यावर नाही. सगळी ऑफिसं एकदम दोन वाजता सुटतात आणि तेव्हाच रस्ता तुंबतो. मॅनहॅटनला जात असाल तर एनजे ट्रान्झिटचे अलर्ट चालू ठेवा, अशा दिवशी ते बऱ्याचदा तिकिटांचं क्रॉस-ऑनरिंग जाहीर करतात, म्हणजे बसचं तिकीट ट्रेनला किंवा पाथला (जर्सी-मॅनहॅटनची मेट्रो) चालतं. शाळेच्या पिकअपसाठी जवळच राहणाऱ्या दोन घरांची नावं शाळेत आधीच देऊन ठेवा.

गाडी चालवायचीच तर: रस्त्याची जमीन अजून उबदार असते म्हणून पहिला बर्फ रस्त्यावर वितळतो आणि आपल्याला वाटतं काही नाही, पण पूल आणि ओव्हरपास खालूनही थंड होतात म्हणून तिथे आधी धरतो. क्रूझ कंट्रोल बंद, अंतर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट, वायपर चालू असतील तर न्यू जर्सीत हेडलाइट कायद्यानेच चालू लागतात. चाक घसरलं तर ॲक्सिलरेटर सोडा आणि जिकडे जायचंय तिकडे बघून हळू वळवा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय) असेल तर ब्रेक घट्ट दाबून धरा, थरथरला तरी सोडू नका.

अडकलात तर गाडीतच थांबा. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना ते उतरून बघा, मगच इंजिन चालू करा, तासाला दहा मिनिटं पुरतात, खिडकी बोटभर उघडी. गाडीत एक ब्लँकेट, पाणी, चिवड्याची पिशवी, टॉर्च, चार्जर आणि छोटं फावडं असलं की रात्र निघते. रस्त्यांची माहिती ५११ वर मिळते.

पायरी ६: लाईट गेली

आधी सगळ्यात मोठा गैरसमज: "आमचं हीटिंग गॅसवर आहे, लाईट गेली तरी चालेल." नाही चालत. फर्नेसचा पंखा, इग्निशन, थर्मोस्टॅट, बॉयलरचा पंप, सगळं विजेवर असतं. म्हणजे गॅस असूनही घर गार पडणार.

मग माणूस काय करतो, तर गॅस स्टोव्ह चालू ठेवून उबेला बसतो, किंवा गॅरेजमधला कोळशाचा ग्रिल आत आणतो. हे अजिबात, कुठल्याही परिस्थितीत करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. २०११ च्या त्या बर्फात कनेक्टिकटमध्ये विषबाधेच्या कितीतरी केसेस अशाच झाल्या, बर्फाने नाही तर बर्फानंतरच्या जनरेटर आणि ग्रिलने. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, धूर घरापासून उलट्या दिशेला, दार उघडं ठेवून गॅरेजमध्येसुद्धा नाही. आणि जनरेटरची वायर घराच्या प्लगमध्ये खोचून घर उजळवायचा जुगाड करू नका, ती वीज उलटी बाहेरच्या तारेत जाते आणि खांबावर काम करणारा लाइनमन मरू शकतो. घर बाहेरच्या तारेपासून तोडून जनरेटरला जोडणारा ट्रान्सफर स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

उजेडाला दिवाळीच्या उरलेल्या पणत्या-मेणबत्त्या नको, अंधारात, गोधड्यांमध्ये, लहान मुलांच्या घरात आग लागायला वेळ लागत नाही. एलईडी टॉर्च घ्या, पाण्याच्या बाटलीखाली लावला की खोलीभर उजेड होतो.

आऊटेज वीज कंपनीला स्वतः कळवा, पीएसईअँडजी असो की जेसीपीअँडएल, शेजाऱ्याने कळवलं असेल असं धरू नका. तार पडलेली दिसली तर ती जिवंतच आहे असं समजून ३० फूट लांब राहा, ९११ ला फोन करा, आणि ती गाडीवर पडली असेल तर आग लागल्याशिवाय गाडीतून उतरू नका. घर फारच गार झालं तर २११ ला फोन केला की जवळचं वॉर्मिंग सेंटर सांगतात, लायब्ररी-शाळा वगैरे असतं, तिथे जाण्यात लाज कसली, चार्जिंगही होतं.

डबे बाहेर बर्फात ठेवायची आयडिया प्रत्येक घरात कोणीतरी काढतंच. दिवसा ऊन आलं की डबा तापतो आणि रात्री रॅकून येतात. त्यापेक्षा पातेल्यांमध्ये बाहेरचा बर्फ भरून फ्रिजमध्ये ठेवा.

पायरी ७: शॉवेलिंग

हिशेब करून दाखवतो. एक चौरस फुटावर १ इंच पाणी म्हणजे सुमारे २.४ किलो. ६ इंच ओला बर्फ साधारण १ इंच पाण्याचा. दोन गाड्यांचा ड्राइव्हवे २० बाय ४० फूट धरला तर ८०० चौरस फूट, म्हणजे जवळजवळ १,९०० किलो. तेवढेच ६ इंच जानेवारीतल्या कोरड्या बर्फाचे असतील तर ७५० किलोच्या आसपास. म्हणून मी इंच विचारू नका म्हणत होतो.

एवढं वजन थंडीत, रिकाम्या पोटी, वर्षभर खुर्चीत बसलेल्या माणसाने तासाभरात उचललं तर काय होतं ते इथल्या इमर्जन्सी रूमवाल्यांना विचारा. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हात वर करून जोर लावताना आपण श्वास धरतो, बीपी उसळतं. आपल्या लोकांमध्ये हृदयविकार तसाही लवकर येतो. हार्टचा, बीपीचा, शुगरचा त्रास असेल किंवा पंचेचाळीशी ओलांडली असेल आणि व्यायाम नसेल तर पैसे देऊन करून घ्या, सरळ. आणि बाबा "अरे दे इकडे, मी करतो" म्हणाले तर त्यांना चहा करायला पाठवा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, असलं काही झालं की फावडं टाकून ९११.

करायचंच तर पडता पडता करा, दर तीन-चार इंचांनी एकदा, थांबल्यावर एकदम नाही. उचलू नका, ढकला. उचललाच तर अर्धं फावडं, गुडघ्यात वाकून, आणि कंबरेत वळून मागे टाकू नका, पाय वळवा. फावड्याला आधी कुकिंग स्प्रे मारा म्हणजे ओला बर्फ चिकटत नाही. स्नो ब्लोअर असेल तर ओल्या बर्फात तो तुंबतो, तुंबला की मशीन पूर्ण बंद करून काठीने मोकळा करा, हात कधीच घालू नका, इंजिन बंद असलं तरी आतल्या पात्यात ताण राहिलेला असतो आणि बोटं जातात.

एक युक्ती जी कोणी सांगत नाही: रस्त्याकडे तोंड करून ड्राइव्हवेत उभे राहा. प्लाऊ, म्हणजे बर्फ सारणारा ट्रक, तुमच्या बाजूने डावीकडून उजवीकडे जातो. म्हणून तुमचा बर्फ उजव्या बाजूला टाका, आणि ड्राइव्हवेच्या डावीकडे रस्त्याच्या कडेला थोडी जागा मोकळी करून ठेवा. मग प्लाऊ त्याच्या पुढचा बर्फ त्या मोकळ्या जागेत टाकतो, तुमच्या तोंडाशी भिंत उभी राहत नाही, निदान छोटी राहते. बर्फ परत रस्त्यावर ढकलू नका. जवळ फायर हायड्रंट असेल तर तो मोकळा करा. फुटपाथ किती तासांत साफ करायचा ते प्रत्येक टाउनशिपचं वेगळं असतं, साइटवर बघा.

मीठ कमी लागतं. १२ औंसांचा एक कॉफी मग २० फुटी ड्राइव्हवेला पुरतो, आणि ते बर्फ काढल्यावर टाकायचं, ढिगावर नाही. साधं रॉक सॉल्ट उणे ९ अंश सेल्सिअसपर्यंत नीट काम करतं, सीझनच्या सुरुवातीला त्याहून भारी काही घ्यायची गरज नाही. नवीन काँक्रीट असेल तर पहिल्या हिवाळ्यात वाळू वापरा.

पायरी ८: गाडी बाहेर काढताना

टपावरचा बर्फ पूर्ण काढा, नुसती काचेपुरती खिडकी करून निघू नका. न्यू जर्सीत न काढल्याबद्दल २५ ते ७५ डॉलर दंड आहे, आणि तुमच्या टपावरून उडालेल्या बर्फाने कोणाला इजा झाली किंवा नुकसान झालं तर २०० ते १,००० डॉलर. काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो. गॅरेजमध्ये गाडी चालू करून "जरा गरम होऊ दे" म्हणत घरात येऊ नका, कारण तेच, कार्बन मोनॉक्साइड.

दुसऱ्या दिवशीची सकाळ बहुतेक वेळा वादळापेक्षा वाईट असते. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि काळ्या रस्त्यावर काळाच बर्फ, दिसतच नाही. वर शाळा उशिरा सुरू, मुलं बस स्टॉपवर. तेव्हा रात्री झोपण्याआधी पायऱ्यांवर मीठ टाकून झोपा.

पायरी ९: मोडलेली झाडं आणि इन्शुरन्स

झुडपांवर बर्फ बसला असेल तर झाडूने खालून वर हळू उचलून झाडा, वरून आपटू नका. मोठ्या झाडाखाली उभं राहून तर काहीच करू नका, फांद्या वादळ संपल्यावरही तासन्‌तास पडत राहतात, वितळताना तर जास्तच.

नुकसान झालं असेल तर हात लावायच्या आधी फोटो काढा. शेजाऱ्याचं झाड तुमच्या घरावर पडलं तर साधारणपणे तुमचाच होमओनर्स इन्शुरन्स बघतो, शेजाऱ्याशी भांडून उपयोग नाही, फक्त ते झाड मेलेलं होतं आणि तुम्ही त्याला आधी लेखी कळवलं होतं तर गोष्ट वेगळी. गाडीवर पडलं तर कॉम्प्रिहेन्सिव्ह कव्हर लागतं, नुसतं लायबिलिटी असेल तर काही मिळत नाही. फ्रिजमधलं वाया गेलेलं अन्न काही पॉलिसींमध्ये कव्हर होतं, त्याचेही फोटो काढा, ४० फॅरनहाइटच्या वर दोन तास राहिलेलं पनीर-चिकन-दूध चव घेऊन तपासू नका, फेकून द्या.

दारावर चेनसॉ घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसाला आगाऊ रोख पैसे देऊ नका, त्याच्याकडून इन्शुरन्सचा कागद मागा, नसेल तर पुढचा माणूस बघा. टाउनशिप बहुतेक वेळा अशा वादळानंतर फांद्या उचलायचे खास दिवस जाहीर करते, फांद्या किती लांबीच्या कापून कुठे ठेवायच्या ते त्यात लिहिलेलं असतं. आणि जे झाड पडलं नाही पण खोडाला उभी चीर गेलीय ते आत्ताच दाखवून घ्या, पुढचं वादळ आठ दिवसांतही येऊ शकतं.